चमचाभर अरिष्ट

"मी आयुष्यात कधी मद्याला शिवलो नाही," असे चारचौघांत सांगण्याची मला फार वर्षांची सवय आहे. सवय अशासाठी म्हणायचे, की हे वाक्य तोंडून निघाले म्हणजे मनाच्या कोपऱ्यात कोणीतरी हळूच खाकरते. ते खाकरणे ऐकून न ऐकल्यासारखे करण्यात माझी सत्तर वर्षे बऱ्यापैकी निघून गेली. पण गेल्या दिवाळीत आमच्या बारामतीच्या घरी एक बाटली आली, आणि त्या कोपऱ्यातल्या गृहस्थाने खाकरणे सोडून एकदम बोलायलाच सुरुवात केली.

बाटली आणली ती माझ्या नातीने. ती सिंगापूरला असते. चार महिन्यांचे मूल घेऊन ती प्रथमच दिवाळीला घरी आली होती. बाळाच्या दुपट्यांत गुंडाळलेली ती बाटली तिने माझ्यापुढे ठेवली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींच्या हातातली अनारशाची गोळी हातातच राहिली. बुटकी, खांद्याशी रुंद, गडद रंगाची, आणि गळ्याशी तांबडी मोहोर लावलेली अशी ती बाटली दिसायला मोठी अब्रूदार होती. एखाद्या संस्थानच्या दिवाणासारखी.

"आजोबा, घाबरू नका," नात म्हणाली. "ही बाळंतिणीची बाटली आहे."

मग तिने हकीकत सांगितली. तिच्या शेजारी एक वृद्ध चिनी बाई राहतात. सिंगापूर-मलायाकडच्या चिनी कुटुंबांत बाळंतिणीला महिनाभर घराबाहेर पडू देत नाहीत. गार पाणी नाही, वारा नाही, आले आणि तिळाचे तेल घातलेले गरम जेवण, आणि सुपात किंवा नुसतेच थोडेसे हे पेय. नाव बेनेडिक्टीन; पण बाटलीवर डी. ओ. एम. अशी तीन अक्षरे असतात, म्हणून तिकडच्या बायका नुसते 'डॉम' म्हणतात. शेजारच्या बाईंनी मोठ्या मायेने ती बाटली हिला बाळंतपणात दिली. डॉक्टरांनी मात्र अंगावर पाजणाऱ्या आईने मद्यार्काचा थेंबही घेऊ नये असे बजावले होते. तेव्हा माया ठेवून घ्यायची आणि बाटली उघडायची नाही, अशी तोड हिने काढली, आणि ती बाटली समुद्रापलीकडून बारामतीला आणली.

"यात सत्तावीस औषधी आणि मसाले आहेत," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्या आसवारिष्टांची कोणीतरी लांबची बहीण असेल."

सत्तावीस म्हटल्यावर मला नक्षत्रे आठवली. मी चष्मा लावून बाटली फिरवून पाहिली. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडी प्रांतात, फेकां नावाचे बंदर आहे. तिथल्या मठातल्या एका साधूने 1510 साली हे औषध सिद्ध केले, अशी कथा सांगतात. पुढे मठ मोडला, कृती हरवली, आणि 1863 साली अलेक्झांडर ल ग्रां नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याला ती एका जुन्या पोथीत सापडली म्हणे. व्यापारी माणूस वस्तूबरोबर एक गोष्टही विकत असतो; तेव्हा साधूची कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. व्यापारी मात्र खरा, सालही खरे. त्या तीन अक्षरांचा अर्थ लॅटिन भाषेत 'परममंगल, परमथोर अशा ईश्वरास' असा आहे. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर 'श्री' घालतात तसेच ते.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या लँकेशायर भागातले शिपाई या फेकां गावाच्या आसपास होते. त्यांना तिथे या पेयाची चव लागली. युद्ध संपल्यावर ते घरी गेले, आणि बर्न्ली नावाच्या गावातल्या खाणकामगारांच्या क्लबात हे पेय गरम पाणी घालून घेण्याची चाल पडली. ती अजून आहे. खाणीत काम करणारी माणसे साधूंचे औषध गरम पाण्यातून घेत, हे नातीने वाचून दाखवले तेव्हा मला बरे वाटले. माणूस रणांगणावरून काय काय घेऊन येतो! कोणी पदक आणतो, कोणी जिभेवरची चव.

"घ्या ना एक चमचा," नात म्हणाली.

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "औषध म्हणून घ्या. आता या वयात कोण तुम्हाला व्यसन लागलंय म्हणणार आहे?"

मोहोर फोडली. चमच्यात मधासारखा सोनेरी द्रव आला. मी तो जिभेवर ठेवला, आणि आधी नुसता जाळच लागला. शेकडा चाळीस मद्यार्क म्हणजे आमच्या वैद्यांच्या अरिष्टाच्या चौपट-पाचपट जहाल. पण तो जाळ ओसरल्यावर मागून मध आला, केशर आले, दालचिनी-जायफळाचा उष्ण वास आला, आणि सगळ्यांच्या शेवटी एक मुळीचा कडवटपणा आला. त्या कडवटपणाने माझा हात धरला तो थेट इंदापुरात नेऊन सोडला: 1953 सालच्या कार्तिकात, आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळापुढे.

माझे वडील, अण्णा, इंदापूरला शिक्षक होते. मालोजीराजांच्या गढीपासून फार लांब नसलेल्या एका वाड्यात आम्ही दोन खोल्यांत राहत असू. अण्णांनी तरुणपणी दारूच्या दुकानांपुढे निरोधन केले होते, लाठ्या खाल्ल्या होत्या, आणि दारूला शिवणार नाही व घरात येऊ देणार नाही अशी शपथ घेतली होती. 1950 मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा त्यांनी शाळेत मुलांना गूळ-खोबरे वाटले. गावात कोणी त्यांच्यापुढे तंबाखूचा बारही भरत नसे. ते रागावत नसत, पण त्यांच्या गप्प बसण्याचा धाक फार.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माझी धाकटी बहीण झाली. आजोळी, म्हणजे बारामतीला, आजोबा आजारी होते, म्हणून आईचे बाळंतपण इंदापुरातच झाले. आजी बारा दिवस येऊन राहिली, बारसे केले, आणि परतताना मला दिवाळीसाठी बरोबर घेऊन गेली. मी आठ वर्षांचा होतो. आदल्या वर्षीच्या अवर्षणाची झळ अजून घरातून पुरती गेली नव्हती. आई ओल्या अंगाची, आणि चेहरा असा पांढरा पडलेला, की आजी एसटीत बसल्यावरही खिडकीतून मागे वळून पाहत राहिली.

आजीचे घर कऱ्हेकाठी, मोरोपंतांच्या बारामतीत. तिला पंतांच्या आर्या पाठ होत्या आणि औषधेही. घराच्या मागच्या बोळात एक वैद्य राहत. त्यांच्याकडे दशमूलारिष्ट घालत, आणि ते पाहायला मी सुट्टीत तासन्‌तास बसत असे. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण ही पाच थोरली मुळे. सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू ही पाच धाकटी. ही दहा आणि आणखी कितीतरी औषधे पाण्यात घालून काढा आटवायचा. तो गार झाला की त्यात मध आणि गूळ. बारामतीची गुळाची पेठ मोठी. निरेच्या कालव्याने ऊस आणला आणि उसाने गूळ, त्यामुळे गुळाला तोटा नव्हता. मग धायटीची फुले टाकायची, आणि बरणीचे तोंड फडक्याने बांधून मातीने लिंपून महिनाभर धान्यात पुरून ठेवायची.

धायटीच्या फुलांतच आंबवण असते. ते गूळ खाऊन जागे होते. बरणीला कान लावला की आत चुरचुर ऐकू येई, वैद्य म्हणत, "बोलतंय." अधूनमधून ते तोंडाशी पेटती काडी धरीत. काडी विझली तर अजून बोलणे चालू आहे असे समजायचे; जळत राहिली तर औषध तयार झाले. त्यात कोणी मद्य ओतीत नाही. ते आपोआप होते, शेकडा पाच ते दहा. काढा करून आंबवले तर अरिष्ट, काढ्याविना आंबवले तर आसव. संस्कृतात अरिष्ट म्हणजे ज्याला इजा नाही ते, आणि अरिष्ट म्हणजे संकटही. एकाच शब्दात दोन्ही कसे मावतात, हे मला पुढे स्वानुभवाने कळणार होते.

दिवाळी संपल्यावर आजीने मला इंदापूरच्या एसटीत बसवून दिले. कंडक्टर ओळखीचा होता. पिशवीत करंज्या, चिवडा, आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली एक बाटली. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर मात्रांच्या खाचा कापलेल्या. "रोज रात्री जेवणानंतर एक खूण, तितकंच पाणी घालून. आईला सांग, मी सांगितलंय म्हणावं," आजी म्हणाली. कालव्याकाठचा ऊस, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकीचे पानमळे, आणि मग इंदापूरचा उघडा माळ. सारा रस्ता मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटेत बूच थोडे ओले झाले. मी बोट लावले आणि चाटले.

इथूनच सगळे सुरू झाले.

घरी पोचल्यावर अण्णांनी बाटली पाहिली. "हे काय?"

"दशमूलारिष्ट. आजीनं दिलंय. आईसाठी."

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग आईकडे न पाहता म्हणाले, "यात मद्याचा अंश असतो. औषधांना बंदी लावता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन वर्षांपूर्वीच झाला आहे. तेव्हा कायद्याची हरकत नाही. बाकी तुझं तू ठरव."

1951 चा तो निकाल मला पुढे वाचायला मिळाला. मद्यार्क असलेल्या औषधांपुरती दारूबंदी कायद्याची कलमे न्यायालयाने रद्द ठरवली होती. पण आमच्या घरात सर्वोच्च न्यायालयाच्या वरही एक न्यायालय होते, आणि त्याने निकाल न देता खटला आईवरच सोपवला होता. आई काही बोलली नाही. तिने बाटली उचलली आणि फडताळात, मिठाच्या बरणीमागे ठेवून दिली.

फडताळाखालीच मी कंदील घेऊन अभ्यासाला बसत असे. अण्णा देवळापर्यंत फिरायला जात, आई बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत. पहिल्या रात्री मी फक्त बूच काढून वास घेतला. दुसऱ्या रात्री एक चमचा. गूळ, मध, दालचिनी, आणि शेवटी मुळांची ती कडवट चव. त्या वर्षी आमच्या घरी गोड असे फार काही नव्हते. मी रोज एक खूण घेत गेलो. आजीने 'एक खूण' सांगितली होती, ती मी प्रामाणिकपणे पाळली; फक्त माणूस बदलला. आई घेत असेलच, असे मला वाटे. तिला उरेल इतके मी घेतो, असा माझा हिशेब होता. बाटली रोज नेमकी एकच खूण उतरते, दोन नाही, हे मला दिसत होते. पण आठ वर्षांच्या मुलाला जे दिसते ते त्याने समजून घेतलेच पाहिजे असे थोडेच आहे?

बाटली रिकामी झाली, आणि मी घाबरून गेलो. पण कोणी काही विचारले नाही. आठवड्याने बारामतीहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दुसरी बाटली आली. आईने ती पाहिली, किंचित हसली, आणि मिठाच्या बरणीमागे ठेवली. मीही पुन्हा सुरुवात केली. संक्रांतीच्या आधी साफसफाईत ती बाटली मांजराच्या धक्क्याने खाली पडून फुटली. साऱ्या घरात तो वास दरवळला. तेव्हा आई म्हणाली, "गेली एकदाची पीडा." आणि अण्णा म्हणाले, "अरेरे!"

मी दोघांच्या तोंडांकडे पाहत राहिलो. हे उलट व्हायला हवे होते, इतके मला त्या वयातही वाटले.

त्या कोड्याचा अर्धा उलगडा 1970 साली झाला. माझा मुलगा झाला तेव्हा सौभाग्यवतींसाठी अरिष्ट आणावे की नाही, या विचारात मी होतो. घरात अण्णा होते, विचारायचे कसे? त्यांनीच मला बाजूला बोलावले. म्हणाले, "आण. संकोच करू नकोस. तुझ्या आईच्या वेळी मीही येऊ दिलं होतं. ती रोज रात्री घ्यायची. खूण उतरलेली मला दिसायची, मी पाहिलं नाही असं दाखवायचो. पहिली बाटली संपली तेव्हा तुझ्या आजीला कार्ड मीच टाकलं, की औषधाचा गुण दिसतो आहे, आणखी एक पाठवावी." मग जरा थांबून म्हणाले, "आयुष्यात तेवढी एकच शपथ मोडली. तिचं वाईट वाटलं नाही. पण तुझ्या आईपाशी बोलू नकोस. तिला उगीच ओशाळं होईल."

माझ्या घशाशी शब्द आले होते. पण ज्या माणसाने जन्मभरात एकदाच आपल्या तत्त्वाकडे पाठ फिरवली, आणि तीही बायकोच्या पांढऱ्या चेहऱ्यासाठी, त्याला "ती खूण मी उतरवीत होतो" असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मी गप्प बसलो.

अण्णा 1981 साली गेले. पुढच्या वर्षी दिवाळीत मी इंदापुरात आईजवळ होतो. भीमाकाठची कितीतरी गावे तेव्हा उजनीच्या पाण्याखाली गेली होती. पळसदेवाचे जुने देऊळही गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे शिखर वर दिसू लागते. त्या रात्री बोलता बोलता आईच्या मनातले पाणी असेच उतरले.

"तुझे अण्णा एवढे कडक," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. "पण बेबीच्या वेळी तुझ्या आजीनं अरिष्ट पाठवलं होतं ना, ते रात्री चोरून घ्यायचे."

"कोण? अण्णा?"

"मग काय! रोज एक खूण कमी. शाळा, शिकवण्या, घरात मी आजारी. थकून जायचे बिचारे. बाटली संपली तर आजीला परस्पर कार्ड टाकून दुसरी मागवली. मला वाटलं, घेऊ देत. मी कधी दाखवलं नाही मला ठाऊक आहे म्हणून."

"आणि तू?"

"मी?" तिला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "मी कशी घेईन? त्यांची शपथ होती ना. मी एक थेंब घेतला नाही."

मी कंदिलाखाली बसलेल्या त्या मुलाकडे पाहिले. त्याच्या हातात चमचा होता. पलीकडच्या खोलीत आई बाळाला पाजत होती. पहाटे उठून ती आडावरून पाणी आणत होती, मधेच घागर खाली ठेवून कमरेवर हात ठेवून उभी राहत होती. ती कंबर तिची जन्मभर दुखली. दशमूलारिष्टाने ती बरीच झाली असती, असे मी म्हणत नाही. मी वैद्य नाही. पण ज्या घरात बाळंतिणीच्या वाटची ऊब बाटलीत भरून आली होती, त्या घरात ती बाळंतीण सोडून दुसऱ्यालाच मिळाली, आणि तो दुसरा मी.

त्या रात्री मी सांगायला तोंड उघडले होते. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मिटले. एकोणतीस वर्षे तिने ते गुपित सांभाळले होते. कडक, निश्चयी, कधी चुकायला तयार नसलेल्या नवऱ्याची एक छोटीशी चूक तिच्यापाशी होती, आणि ती चूक तिला त्याच्या साऱ्या सद्गुणांपेक्षा प्रिय होती. ते तिच्याकडून काढून घ्यायचे आणि बदल्यात काय द्यायचे? एक चोर मुलगा? तो तर तिच्यापाशी होताच.

एका बाटलीभोवती तीन माणसे गप्प बसली. अण्णांना वाटे ती घेते. आईला वाटे ते घेतात. आणि दोघेही एकमेकांचा मान राखण्यासाठी फडताळाकडे पाहत नसत. दोघांपैकी एकाने जरी विचारले असते, "अगं, घेतेस ना?" किंवा "अहो, तुम्ही घेता का?" तरी आईला तिचे औषध मिळाले असते. न विचारण्यात केवढी माया होती, आणि न विचारण्याचीच केवढी किंमत! आई 1995 साली गेली. मी गप्प बसलो ते बरे केले की वाईट, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

हे सारे एका चमच्यात आले. नात विचारीत होती, "आजोबा, कशी आहे चव?"

"ओळखीची आहे," मी म्हणालो. आणि ती बाटली उचलून आमच्या फडताळात ठेवून दिली.

दोन दिवसांनी भाऊबीज. बहीण आली. सत्तरी ओलांडून गेली तरी ती घरात अजून 'बेबी'च आहे. तिने ओवाळले. मी तिच्या तबकात पाकीट ठेवले आणि म्हणालो, "बेबी, तुझं एक देणं माझ्याकडे बहात्तर वर्षं राहिलंय." सगळी मंडळी बसली होती: सौभाग्यवती, मुलगा, सून, नात, तिच्या मांडीवर ते चार महिन्यांचे. मी सगळे सांगितले. बाटली, खुणा, कार्ड, मांजर, अण्णांचे 'अरेरे', आईचे हसणे, सगळे. जन्मात प्रथमच.

मंडळी आधी हसली. कार्डापाशी तर मुलगा अगदी पोट धरून हसला. मग हळूहळू हसणे थांबले. नातीने बाळाला उगाचच जवळ घेतले.

बेबी काही वेळ निरांजनाकडे पाहत होती. मग म्हणाली, "दादा, म्हणजे मी जन्माला येऊन महिना झाला नाही तोच तू माझ्या दुधात वाटेकरी झालास."

"झालो."

"म्हणूनच मी अशी किरकोळ राहिले!" ती म्हणाली, आणि तिचा तो आवाज अगदी आईचा होता. तिने तळहात पुढे केला. "माझा वाटा दे."

मी फडताळातून बाटली काढली. एक चमचा भरला, तितकेच गरम पाणी घातले, आणि तिला दिले. तिने डोळे मिटून घेतले. चेहरा आधी आक्रसला, मग सैल झाला. तो शेवटचा कडवटपणा तिच्या जिभेवर केव्हा आला, ते मला तिच्या कपाळावरून कळले.

"आईला आवडलं असतं रे," ती म्हणाली.

"आणि अण्णा?"

बेबीने रिकामा चमचा तबकात, निरांजनाशेजारी ठेवला.

"ते फिरायला गेले असते," ती म्हणाली, "देवळापर्यंत."